दाढ काढून घरी गेल्यावर

तोंडात बोळा धरूनच हे वाचत असाल तर उत्तम, तेवढीच बोलण्याला सुट्टी. तो बोळा ४५ मिनिटं दातांखाली घट्ट दाबून ठेवायचा आहे. चघळायचा नाही, आणि रक्त थांबलं का हे बघायला दर पाच मिनिटांनी काढायचाही नाही. रक्त थांबायला उशीर होतो तो बरेचदा या बघण्यामुळेच.

दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. गुडघा खरचटल्यावर येणाऱ्या खपलीचीच ही तोंडातली बहीण, फक्त ओली आणि फार नाजूक. तिच्याखाली हाड आणि नसांची टोकं उघडी असतात. ती गुठळी जागेवर राहावी, यासाठीच पुढच्या बहुतेक सूचना आहेत.

पहिले २४ तास

थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. या तिन्ही गोष्टींनी गुठळी हलते किंवा ओढली जाते. लाळ सरळ गिळून टाका. दिवसभर लाळ गुलाबी दिसेल. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी तोंड भरून आल्यासारखं वाटतं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला तर घाबरू नका. उशा मात्र दोन घ्या, डोकं उंच राहू द्या.

रक्त पुन्हा वाहायला लागलं तर सोबत दिलेलं गॉज, म्हणजे जाळीदार कापड, ओलं करून, घडी घालून, नेमकं खड्ड्यावर ठेवून ३० मिनिटं दाबा. गॉज संपलं असेल तर काळ्या चहाची पिशवी ओली करून, पिळून वापरा. त्यातल्या टॅनिनने रक्त गोठायला मदत होते.

वेदनेची पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधीच घ्या. खालच्या जबड्याचं इंजेक्शन असेल तर ओठ तीन-चार तास, कधी त्याहून जास्त बधिर राहतो. तोवर काही चावून खाऊ नका; स्वतःचाच ओठ चावला जातो आणि कळतही नाही. लहान मुलांकडे विशेष लक्ष ठेवा, त्यांना तो खेळच वाटतो. दुखण्यासाठी मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त वाहतं. मात्र हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असून आम्हाला सांगायचं राहिलं असेल, तर गोळी घेण्याआधी फोन करा.

तिसऱ्या दिवशीचा फोन

“काल बरं होतं, आज गाल जास्त सुजलाय!” हा फोन आम्हाला ठरलेला. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते, मग उतरते. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ २० मिनिटं गालावर, २० मिनिटं बाजूला. त्यानंतर बर्फाचा उपयोग नाही, कोमट शेक द्या. तोंड पूर्ण न उघडणं, गालावर हिरवट-पिवळा डाग उमटणं, हेही आपोआप जातं.

खाणं मऊ आणि कोमट किंवा थंड असावं, बियांचं आणि कुरकुरीत नको.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर, तोंडात धरून मान कलती करायची आणि पाणी आपोआप सांडू द्यायचं. खळखळायचं नाही. बाकीचे दात घासायचेच. जखम दुखते म्हणून तोंड अस्वच्छ ठेवणं वाईट. खड्ड्यावर पांढरट-पिवळा थर दिसेल. तो बहुधा पू नसतो, जखम भरतानाचा थर असतो. जीभ तिथे जाणारच, पण काडी किंवा बोट नेऊ नका.

सिगारेट आणि तंबाखू निदान तीन दिवस नकोच, आठवडाभर टाळलंत तर फार बरं. गुठळी निसटली तर होतो तो ड्राय सॉकेट, आणि धूम्रपान करणाऱ्यांना तो जास्त होतो. दुखणं कमी होत आलेलं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणका लागतो, तोंडाला घाण वास येतो. गोळ्या वाढवत बसू नका, या. खड्डा धुऊन औषध भरलं की बऱ्याच जणांना त्याच दिवशी आराम पडतो.

वरची दाढ काढली असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या. वरच्या दाढांची मुळं सायनसला, म्हणजे नाकाशी जोडलेल्या गालाच्या हाडातल्या पोकळीला, अगदी लागून असतात.

दोनदा नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर असली, तर लगेच फोन करा. गिळता येत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर आमच्या फोनची वाट न बघता थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.