इंग्रजी वाक्यातील नाम, सर्वनाम व क्रियापद यांची जुळणी

वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि क्रिया कोणाची, हे इंग्रजी भाषा मुख्यतः शब्दांच्या जागेवरून सांगते. मराठी ते विभक्तीच्या प्रत्ययांवरून आणि क्रियापदाच्या रूपावरून सांगते. एवढा एक फरक नीट उमगला, की मराठी माणसाला इंग्रजी बोलताना जिथे अडखळायला होते त्यातल्या बऱ्याच जागांचा उलगडा होतो. या नोंदीतील उदाहरणे ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या रोजच्या बोलण्यातली आहेत. इथे शाळेत, लोकलमध्ये आणि आयटी पार्कात दोन्ही भाषा दिवसभर एकमेकींना खेटून असतात.

नाम, सर्वनाम, क्रियापद ही नावे मुलांना मराठीच्याच तासाला भेटतात. यास्क या प्राचीन पंडिताच्या निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या ग्रंथात शब्दांच्या चारच जाती आहेत : नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे अव्यये). शाळेत पाठ केल्या जाणाऱ्या आठ जाती दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून रुळल्या, आणि ती मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर होती. २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. मुलांना 'नाउन' आणि 'व्हर्ब' ओळखीचे वाटतात ते यामुळे. नावे जुळतात, वागणूक जुळत नाही.

सकाळच्या गर्दीत दाराकडे सरकणारा प्रवासी पुढच्याला विचारतो, 'उतरताय का?' उत्तर येते, 'हो, ठाण्याला.' या संवादात सर्वनाम एकही नाही आणि कोणाला त्याची उणीवही भासत नाही. 'उतरताय' या रूपातच समोरचा माणूस आणि त्याच्याविषयीचा आदर सामावलेला आहे. 'उतरतोयस का?' म्हटले तर समोर मित्र आहे, 'उतरतेयस का?' म्हटले तर मैत्रीण. हेच इंग्रजीत 'आर यू गेटिंग डाउन?' होते. 'गेटिंग' हे रूप मित्राला, मैत्रिणीला, आजोबांना सारखेच, म्हणून 'यू'ला वाक्यात हजर राहावे लागते. घाईत नुसते 'गेटिंग डाउन?' म्हणता येते, पण मग उतरणारा कोण हे प्रसंगावरून ताडायचे. इंग्रजीत सर्वनाम का गाळत नाहीत, याचे मोठे कारण इथे आहे : मराठी क्रियापद जे स्वतःच्या अंगावर वागवते, ते इंग्रजीत शेजारच्या शब्दाला वागवावे लागते.

कर्त्याची जागा भरायला खरोखर कोणी नसेल, तरीही इंग्रजी ती रिकामी ठेवत नाही. 'पाऊस पडतोय' या वाक्यात पडणारा पाऊसच कर्ता आहे. 'इट इज रेनिंग'मध्ये पाऊस क्रियापदात गेला आणि मोकळ्या खुर्चीवर 'इट' येऊन बसले. त्या 'इट'चा अर्थ शोधू नये. ते नुसते जागा धरून आहे.

'यू'ची गोष्ट मराठी माणसाला मुद्दाम सांगावी अशी आहे. एके काळी इंग्रजीतही एकट्यासाठी 'दाउ' हे सर्वनाम होते आणि 'यू' अनेकांसाठी. पुढे आदर म्हणून एकालाही 'यू' म्हणू लागले, जसे आपण वडीलधाऱ्यांना तुम्ही म्हणतो. सतराव्या शतकात 'दाउ' प्रमाण बोलीतून मागे पडले. एकाच माणसाशी बोलतानाही 'यू आर' असे अनेकवचनी क्रियापद येते, ते म्हणूनच. मात्र हा आदर तृतीय पुरुषापर्यंत पोचला नाही. 'बाबा आले आहेत' हे मनात धरून मूल 'फादर हॅव कम' असे लिहिते, आणि वहीवर लाल फुली येते. त्या मुलाने वडिलांना एकेरी संबोधले नाही, इतकेच झालेले असते. अशा वेळी हसण्याऐवजी इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही एवढे सांगितले तर ते मूल पुन्हा चुकण्याचा संभव फार कमी.

'एस' या अक्षराने मराठी मुलांना सर्वांत जास्त छळले आहे. नामाला लागले की अनेकवचन, वर्तमानकाळी क्रियापदाला लागले की एकवचन. 'द ट्रेन लीव्ज', पण 'द ट्रेन्स लीव'. साध्या वाक्यात हा 'एस' बहुधा एकाच ठिकाणी असतो, नामाकडे किंवा क्रियापदाकडे. 'चिल्ड्रेन'सारखी नामे आणि 'कॅन'सारखी साहाय्यक क्रियापदे या हिशेबाबाहेर राहतात. भूतकाळात तर, 'वॉज' आणि 'वेअर' सोडले की, तोही प्रश्न उरत नाही. ठाण्यात उदाहरण मिसळीचेच द्यावे : मी वडा खाल्ला, मिसळ खाल्ली, पोहे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद मात्र ताटातल्या पदार्थाकडे पाहून बदलते. इंग्रजी 'एट' ना पदार्थाकडे पाहते, ना खाणाऱ्याकडे. या बाबतीत इंग्रजी कितीतरी सोपी आहे, आणि वर्गात हे आवर्जून सांगायला हवे.

'रामाने सीतेला पाहिले' हे उलटसुलट केले तरी पाहणारा रामच राहतो. 'राम सॉ सीता'मधली नावे फिरवली की पाहणारी सीता होते. इंग्रजी नामांनी विभक्तीची जुनी रूपे टाकून दिली, षष्ठीचा 'एस' तेवढा राखला. सर्वनामांनी मात्र ती जपली : 'आय' आणि 'मी', 'ही' आणि 'हिम', 'दे' आणि 'देम'. नवशिक्या कानाला याचा वेगळाच त्रास होतो. इंग्रजी 'मी' म्हणजे मला, आणि इंग्रजी 'ही' पुरुषासाठी, तर आपली 'ही' बाईसाठी.

सर्वांत अवघड वळण 'हॅव'चे. त्याच्या जोडीचे क्रियापद मराठीत नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे पास आहे', 'घराला गॅलरी आहे' या तिन्ही वाक्यांत 'असणे' आहे, आणि ज्याचे आहे तो कर्ता नाही. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी तो कर्ता होतो आणि 'हॅव' किंवा 'हॅज' येते. 'आवडणे'चेही तसेच. 'मला केळी आवडतात'मध्ये केळ्यांकडे पाहून क्रियापद अनेकवचनी झाले. 'आय लाइक'मध्ये आवडणारी वस्तू मागे जाते आणि माणूस पुढे येतो. 'मला'ने सुरू होणारे वाक्य इंग्रजीत बहुधा 'आय'ने सुरू होते, हे सूत्र तपासून पाहावे; भूक, ताप, घाई, आठवण, सगळीकडे चालते.

लोकलमधली सूचना ऐका : 'प्लीज माइंड द गॅप'. 'माइंड' म्हणजे मन, नाम. इथे एकही अक्षर न बदलता ते क्रियापद झाले, कारण ते क्रियापदाच्या जागेवर आहे. आज्ञार्थ असल्यामुळे 'यू' गळाले. 'फोन', 'बुक', 'वॉटर', 'हँड' हे शब्दही असेच दोन्हीकडे चालतात. मराठी त्यांना आपल्यात घेताना 'करणे'चा हात देते : फोन कर, तिकीट बुक केले, मेल करते. 'होणे' आले की करणारा पडद्याआड जातो. ट्रेन कॅन्सल झाली, कोणी केली ते नाही. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर असे इंग्रजी शब्द मराठी वाक्यांत येतात, पण 'आय उद्या येतो' असे कोणी म्हणत नाही. नामे सहज उसनी मिळतात, सर्वनामे क्वचित. तरी इंग्रजीने ते एकदा केले आहे : 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामे तिने स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेकडून घेतली.

एका ठिकाणी मराठी सर्वनाम अधिक नेमके आहे. रिक्षाच्या रांगेत 'आपण जाऊ' म्हटले तर ऐकणाराही त्या रिक्षात बसतो. 'आम्ही जातो' म्हटले तर तो रांगेतच राहतो. इंग्रजी 'वी' दोन्हींसाठी एकच. पण 'लेट्स गो' आणि 'लेट अस गो' यांत ती खूण डोकावते. पहिले म्हणजे 'आपण जाऊया'. दुसरे मात्र सावकाश, दोन शब्द सुटे करून म्हटले, की 'आम्हाला जाऊ द्या' असेही होऊ शकते.