प्लॅसेंटा अ‍ॅक्रिटा : ठिकाणानुसार बदलणारे उपचार

बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात आपोआप सुटून येणारी वार गर्भाशयाच्या भिंतीला घट्ट रुजून बसली, की त्या अवस्थेला प्लॅसेंटा अ‍ॅक्रिटा म्हणतात. ती स्नायूत शिरली तर इन्क्रिटा, भिंत भेदून बाहेर आली तर पर्क्रिटा. अशी वार ओढून काढू गेल्यास काही मिनिटांत लिटरच्या लिटर रक्त जाते. आधीच्या सिझेरियनचा व्रण आणि त्यावरच, गर्भाशयाच्या तोंडाशी बसलेली वार ही सर्वांत धोक्याची जोडी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये पहिल्या सिझेरियनच्या वेळी हा आजार ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के जणींना आढळला. भारतात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. त्यामुळे हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही.

आजार सगळीकडे सारखाच असला तरी उपचार सारखे नाहीत. अमेरिकेत ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून सिझेरियन करतात, वारेला हात न लावता बाळ काढतात आणि वारेसकट गर्भाशय काढून टाकतात. ब्रिटनमध्येही प्रामुख्याने हाच मार्ग आहे, फक्त थोडे अधिक थांबून, ३५ आठवड्यांनंतर.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे अनेक केंद्रांत नाळ बांधून कापतात, वार आतच ठेवतात आणि गर्भाशय शिवून टाकतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच पाहणीत अशा १६७ स्त्रियांपैकी ७८ टक्के जणींचे गर्भाशय वाचले. ज्यांची वार आपोआप नाहीशी झाली, त्यांच्यापैकी निम्म्या जणींना त्यासाठी साडेतेरा आठवड्यांहून अधिक काळ लागला. या साऱ्या काळात जंतुसंसर्गाची आणि अचानक रक्तस्रावाची टांगती तलवार असते. पुन्हा मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी हा पर्याय मोलाचा आहे, पण रुग्णालय जवळ असेल तरच. पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या पाड्यावर तिला अशा अवस्थेत घरी पाठवणे धोक्याचे आहे.

अर्जेंटिनात डॉक्टर होसे पालासिओस-हाराकेमादा यांनी तिसरी पद्धत रुजवली. वार रुजलेला भिंतीचा तुकडा कापून काढायचा आणि त्याच बैठकीत गर्भाशय दुरुस्त करायचे. ती पुढे कोलंबिया, इंडोनेशियातही वापरात आली. यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा ओटीपोटातील रक्तवाहिन्यांची जाण असलेला, सरावलेला हात लागतो. चीनच्या मोठ्या रुग्णालयांत महाधमनीत फुगा फुगवून रक्तप्रवाह काही काळ रोखतात. त्याला मात्र एक्स-रे यंत्रणा आणि तिचे तज्ज्ञ जवळ हवेत.

साधने कमी असलेल्या भागात खरी अडचण निदानाची आहे. वार भिंतीत शिरल्याच्या खुणा, म्हणजे वारेतल्या वेड्यावाकड्या रक्ताच्या पोकळ्या किंवा मूत्राशयाची तुटक दिसणारी रेघ, सोनोग्राफीत अनुभवी डोळ्यालाच कळतात. त्या निसटल्या तर पोट उघडल्यावरच प्रकार समजतो : गर्भाशयाचा खालचा भाग जांभळट, फुगलेला आणि त्यावर करंगळीएवढ्या रक्तवाहिन्यांचे जाळे. रक्तस्राव नसेल आणि आई व बाळ दोघेही स्थिर असतील, तर गर्भाशयाला छेद न देता पोट झाकून तिला मोठ्या रुग्णालयात हलवणे सुरक्षित ठरते. या क्षणी थांबणे हीदेखील शस्त्रक्रियाच आहे, आणि ते शिकवावे लागते. बाळ काढणे भागच पडले, तर छेद वारेपासून दूर, वरच्या भागात घेतात. रक्तस्राव सुरू झाल्यास ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध १ ग्रॅम शिरेतून देतात. ते स्वस्त आहे आणि तीन तासांच्या आत दिले तर उपयोगी पडते.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी रक्तसाठवण केंद्र असले तरी तिथे मोजक्याच पिशव्या असतात. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्ससाठी मोठी रक्तपेढी गाठावी लागते. रात्री नातेवाईक रक्तदाते शोधत फिरत असताना शस्त्रक्रिया थांबवता येत नाही, म्हणून रेफर करायचे ते आठव्या महिन्याआधीच, कळा किंवा रक्तस्राव सुरू होण्यापूर्वी. आधी सिझेरियन झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार व्रणावर आहे का, हे स्पष्ट लिहून मागावे. असेल, तर शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होणार हे तेव्हाच ठरवून तिचा रक्तगट तिथे कळवता येतो.