व्लादिस्लाव म्हणजे व्लादिमिर नव्हे

पोलिश मुलांची नावं आणि त्यांचे अर्थ देणाऱ्या याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यांत एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते: ‘व्लादिस्लाव – व्लादिमिरचं पोलिश रूप, अर्थ जगाचा राजा.’ एका यादीवरून दुसरीत उतरवलेली ही ओळ दोन्ही बाबतींत चुकीची आहे. व्लादिस्लाव हे व्लादिमिरचं रूप नाही आणि त्या नावात जग कुठेच नाही. व्लादिमिरचं पोलिश रूप आहे व्लोजिम्येश. पोलंडमध्ये ही दोन वेगळी नावं आहेत. सख्ख्या भावांपैकी एक व्लादिस्लाव आणि दुसरा व्लोजिम्येश असू शकतो.

व्लादिमिरची ओळख करून द्यायला नको. लेनिन, पुतिन आणि ९८८ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा कीव्हचा राजा, एवढं पुरे.

जुनी स्लाव नावं, म्हणजे पोलिश, रशियन, युक्रेनियन, चेक वगैरे भाषांच्या कुळातली, दोन तुकडे जोडून बनतात. वरच्या दोन्ही नावांत पहिला तुकडा एकच, सत्ता चालवण्याच्या अर्थाचा. गोंधळाचं एक कारण हेच. पण राजाराम आणि राजेंद्र या दोघांत ‘राजा’ आहे म्हणून राजाराम हे राजेंद्रचं रूप आहे असं आपण म्हणत नाही. नाव वेगळं होतं ते दुसऱ्या तुकड्याने. व्लादिस्लावमधला ‘स्लाव’ म्हणजे कीर्ती. (स्लाव लोकांशी त्याचा इथे संबंध जोडू नये.) हा शब्द आपल्या ‘श्रवण’मधल्या ‘श्रु’ धातूचा भाऊबंद आहे. तो संस्कृतातून पोलंडला गेला असं मात्र कृपा करून लिहू नका. दोन्ही भाषांना तो एकाच, त्याहून जुन्या पूर्वजाकडून मिळाला. व्लादिमिरचा दुसरा तुकडा मुळात ‘मेर’ होता, थोर किंवा नामांकित अशा अर्थाचा. पुढे ‘मीर’ म्हणजे शांतता किंवा जग, या शब्दाशी त्याची गल्लत झाली आणि ‘जगाचा राजा’ हा अर्थ रूढ झाला. म्हणजे यादीतला अर्थ व्लादिमिरलाही नंतर चिकटलेला आहे. पोलिशमध्ये हा तुकडा ‘म्येश’ असा येतो. काझिम्येश हे राजनाव आणि सांदोम्येश हे गाव, दोन्हींत तो दिसतो.

आता खरी मेख. व्लादिस्लाव कानाला व्लादिमिरच्या जवळचा वाटतो, व्लोजिम्येश परका वाटतो. नातं मात्र नेमकं उलटं आहे. असं का झालं?

लेनिनग्राद आणि नोव्हगोरोद ही शहरं आठवा. ‘ग्राद’ आणि ‘गोरोद’ हा एकच शब्द आहे. दक्षिणेकडच्या स्लाव भाषांत, आणि तिथून चर्चच्या भाषेत, तो ‘ग्राद’ झाला, रशियन-युक्रेनियनमध्ये ‘गोरोद’, पोलिशमध्ये ‘ग्रुद’, आणि हा उ जुन्या ओकाराचा आहे. सत्तेच्या शब्दाचंही तसंच झालं. दक्षिणेला आणि चर्चच्या भाषेत ‘व्लाद’ (रशियन व्लादिमिर तिथलाच), युक्रेनियनमध्ये ‘वोलोद’, पोलिशमध्ये ‘व्लोद’. म्हणून व्लादिमिर, वोलोदिमिर आणि व्लोजिम्येश हे एकच नाव. त्यातला ओ हा अस्सल पोलिश.

मग व्लादिस्लावमध्ये ‘आ’ कुठून आला? चेकमधून. या बाबतीत चेक भाषा दक्षिणेच्या बाजूने जाते. पोलंडचा पहिला ख्रिस्ती राजा म्येश्को याचा बाप्तिस्मा ९६६ चा, त्याची राणी दोब्रावा चेक घराण्यातली, आणि नव्या धर्माबरोबर चेक रूपांची ऐट वाढली. खास पोलिश रूप होतं व्लोजिस्लाव. ते माणसांच्या नावांतून मागे पडलं, पण व्लोत्स्लावेक आणि वोजिस्लाव या गावांच्या नावांत आजही आहे. ही दोन गावं नकाशावर बघितली की कोणतं रूप घरचं आणि कोणतं पाहुणं यावर वाद उरत नाही.

पोलिश मजकूर वाचताना आणखी एक फसगत होते. पोलिश लोक लेनिनला व्लोजिम्येश लेनिन लिहितात, पण पुतिनना व्लादिमिर आणि झेलेन्स्कींना वोलोदिमिर. जुन्या व्यक्तीचं नाव पोलिश करून घेतलं, हयात नेत्यांचं त्यांच्या भाषेप्रमाणे ठेवलं. तिन्ही नावं एकच. व्लादिस्लाव त्यांत बसत नाही.

उच्चाराचं थोडक्यात: या नावांत मी जिथे ‘ल’ लिहिला आहे, तिथे पोलिशमध्ये बहुतेक ठिकाणी आडवी काट मारलेलं अक्षर असतं आणि त्याचा उच्चार ओठ गोल केलेल्या ‘व’सारखा होतो. त्यामुळे प्रत्यक्षात ऐकू येतं ते व्वादिस्वाफ आणि व्वोजिम्येश. लाडाची नावं लक्षात ठेवलीत तर मोठ्या नावाचं कोडं लगेच सुटतं: व्लादेक म्हणजे व्लादिस्लाव, व्लोदेक म्हणजे व्लोजिम्येश. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं सुवर्ण जिंकणाऱ्या पोलिश संघातला लुबान्स्की हा व्लोदेक. याद्या या लाडाच्या रूपांनाही स्वतंत्र नावं म्हणून स्वतंत्र अर्थ देतात, ते तर सरळ खोडून टाकावं.

राजघराण्याचं नाव म्हणाल तर ते व्लादिस्लाव. १३२० मध्ये राज्याभिषेक झालेला, बुटकेपणामुळे ‘लोक्येतेक’ म्हणजे हातभर म्हटला जाणारा राजा व्लादिस्लावच. लिथुआनियाचा योगाइला १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पोलंडच्या गादीवर आला तेव्हा त्याने हेच नाव घेतलं. लोक्येतेक हा त्याच्या राणीचा, याद्विगाचा, पणजोबा. हंगेरीत याच नावाचं लास्लो झालं. लास्लोला कोणी व्लादिमिर म्हणत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मराठी लिखाणात ही चूक मला सर्वांत जास्त खुपते ती कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीच्या संदर्भात. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत संघात हद्दपार झालेल्या पोलिश लोकांची सुटका ३० जुलै १९४१ च्या करारामुळे झाली. तो करार पोलंडच्या निर्वासित सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी केला. १९४२ मध्ये जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो बायका-मुलं इराणला बाहेर पडली, आणि त्यांतली कित्येक पुढे वळिवड्याला पोहोचली. सिकोर्स्की आणि अँडर्स, दोघांचंही नाव व्लादिस्लाव. त्यांच्याबद्दल लिहिताना व्लादिमिर लिहू नका.