फिरंग (तलवार)

फिरंग : युरोपात घडवलेल्या पात्याला हिंदुस्थानी मूठ बसवून तयार केलेली तलवार. सोळाव्या ते अठराव्या शतकांत दख्खनमध्ये, विशेषतः मराठा सैन्यात तिचा मोठा वापर होता. पुढे याच घाटाच्या पण देशी लोहारांनी घडवलेल्या सरळ पात्यालाही फिरंगच म्हणू लागले. त्यामुळे संग्रहाच्या नोंदवहीत ‘फिरंग’ असे लिहिलेले असले, तरी पाते परदेशी आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते.

घडण : पाते बहुधा सरळ, एकधारी किंवा दुधारी असते. लांबी साधारण ८५ ते ९५ सेंमी. आणि मधून एक ते तीन पन्हळी गेलेल्या असतात. पन्हळीमुळे वजन घटते, ताठपणा मात्र राहतो. जर्मनीतील झोलिंगेन व पासाऊ, इटलीतील जेनोवा, स्पेनमधील तोलेदो ही अशी पाती घडवणारी नावाजलेली गावे. माल प्रथम पोर्तुगीजांच्या गोव्यातून आणि नंतर इंग्रज-डच जहाजांतूनही येई. मूठ इथल्या कारागिराने चढवायची, ही रीत होती.

मुठी मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली खंड्याची, म्हणजे रुंद सरळ पात्याच्या देशी तलवारीची : बोटांवर रुंद परज (हात झाकणारी पट्टी), वर तबकडी, तिच्यामागे निघालेला लोखंडी दांडा आणि आत कापड किंवा मखमलीची गादी. दांड्यावर दुसरा हात ठेवून दोन्ही हातांनी वार करता येतो. या मुठीपासून दोन पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात आणि रिव्हेट पाते भेदून त्यांना जखडतात. दुसरी साध्या तलवारीची : यात पात्याची शेपटी आखूड करून मुठीच्या पोकळीत घालतात आणि वितळलेली लाख ओतून पक्की करतात. रिव्हेट नसतोच. लाख गरम केली की मूठ सुटते, म्हणून चांगले पाते पिढ्यान्‌पिढ्या टिके आणि मूठ मात्र मालकाच्या आवडीप्रमाणे बदले. सतराव्या शतकातले पाते आणि एकोणिसाव्या शतकातली मूठ ही जोडी त्यामुळे मुळीच दुर्मीळ नाही. तिला बनावट म्हणणे चूक; पण संपूर्ण तलवारीला एकच काळ लावणे ही त्याहून मोठी चूक, आणि जुन्या याद्यांमध्ये ती सर्रास आढळते. मोडलेले पातेही वाया जात नसे. तंजावरच्या शस्त्रागारातील अनेक कट्यारींना युरोपीय तलवारींचे कापलेले तुकडे बसवलेले आहेत. पन्हळी टोकापर्यंत न निमुळत्या होता मध्येच तुटल्यासारख्या दिसल्या, की असा तुकडा ओळखावा.

खुणा व लेख : पात्यावरील छाप म्हणजे जन्मदाखला नव्हे. जेनोवाची म्हणून ओळखली जाणारी दातेरी अर्धचंद्रांची जोडी जर्मनीतही मारली जाई आणि हिंदुस्थानातही. पासाऊच्या धावत्या लांडग्याची नक्कल झोलिंगेनवाल्यांनीच केली. छापापेक्षा पोलाद अधिक बोलके ठरते : पात्यावर जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली, तर छाप कोणताही असो, पाते युरोपचे असण्याची शक्यता फार कमी.

लंडनच्या राजसंग्रहातील ‘जगदंबा’ तलवारीच्या सरळ पात्यावर आय-एच-एस ही येशूच्या नावाची ख्रिस्ती अक्षरखूण आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या, १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून ती त्याच्याकडे गेली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांच्या फिरंगेवर पात्याच्या बोथट पाठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. ती महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. बिकानेरच्या शस्त्रागारातील दख्खनी शस्त्रांवर ठिपक्यांनी ठोकलेले लेख आढळतात. १६८९ मध्ये आंध्रातील अदोनीच्या किल्ल्यावर हाती आलेल्या शस्त्रांची ती त्या काळची मोजदाद आहे. असा कोठीचा कोरडा लेख एखाद्या थोर नावापेक्षा जास्त भरवशाचा. थोर नाव मागाहून कोरता येते. भिंगाखाली अक्षराच्या खोबणीत आजूबाजूला असलेला जुना काळसर थर नसेल आणि धातू स्वच्छ चमकत असेल, तर लेख अलीकडचा समजावा.

तपासणी : बॅटरीचा प्रकाश पात्यावर आडवा, अगदी कमी कोनातून टाकावा, समोरून न दिसणारे छाप त्यात उठून दिसतात. दहापट भिंग पुरते. पात्याची लांबी पाठीकडून घ्यावी. जाडी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकापासून ५ सेंमी. अंतरावर मोजावी, युरोपीय पाते टोकाकडे बेताने पातळ होत जाते. वजन, तोल सांभाळणारा बिंदू आणि मूठ हलते का हेही नोंदवावे. पकडताना एक हात मुठीला, दुसरा पात्याखाली. नुसत्या मुठीने उचलले तर जुनी लाख तडकून पाते निसटते. हातमोजे नायट्रिलचे हवेत. घामाचे ठसे लोखंडावर गंजाच्या रूपाने कायमचे उमटतात.

जतन : तपकिरी-काळा घट्ट थर स्थिर असतो, त्याला हात लावू नये. बोटाला लागणारी नारिंगी भुकटी म्हणजे चालू गंज. तो मऊ ब्रशने झाडून, व्हाइट स्पिरिटने (हे अल्कोहोल नव्हे, रंग पातळ करायचे खनिज द्रावण) पुसून, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देतात. मुठीपाशी अल्कोहोल वापरू नये, कारण त्यात लाख विरघळते. पॉलिश पेपर तर नकोच : छाप झिजतात आणि कोफ्तगिरीचे, म्हणजे तारेच्या नक्षीचे, सोने उडते, कारण ती तार खरवडलेल्या लोखंडावर नुसती ठोकून बसवलेली असते.

खंडेनवमीला हळदकुंकू, फुले, पाणी पात्यावर राहिले तर दोन-तीन दिवसांत डाग पडतात. चिंच-लिंबाने घासलेले पाते लखलखते खरे, पण आम्लाने पृष्ठभाग खाल्ला जातो. खोबरेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते. पूजा करायचीच तर शस्त्राशेजारी करावी आणि शस्त्र त्याच दिवशी कोरडे पुसून ठेवावे.

म्यानात तलवार ठेवणे हे सर्वांत घातक. लाकूड, चामडे आणि मखमल ओल धरून ठेवतात आणि गंज आतल्या आत वाढतो. लोखंडाला सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली हवी, म्यानाला ४५ ते ५५. म्हणून दोन्ही वेगळी ठेवून एकच नोंदक्रमांक द्यावा. कोकणात पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांवर जाते, तेव्हा बंद पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते. प्लायवूडच्या कपाटातून निघणारी आम्लाची वाफही लोखंड गंजवते. त्यापेक्षा रंग दिलेले पोलादी कपाट बरे. खंड्याच्या मुठीतील गादी ही ओलीची आणखी एक जागा. ती मूळची असेल तर काढून टाकू नये, दर पावसाळ्यानंतर तिच्या कडेने परजेचा आतला भाग तपासावा.

शंभर वर्षांहून जुनी फिरंग १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.