नव्या प्राध्यापकांसाठी छोटी रिसर्च ग्रँट: कोण बसतं, कागद काय लागतात आणि गाडी कुठं अडते

परवा शहाद्याकडच्या एका नव्या सरांचा फोन आला, जॉइन होऊन दीड वर्ष झालंय, म्हणे सर रिसर्च ग्रँटचं परिपत्रक आलंय आणि आठच दिवस राहिलेत, भरू का? म्हटलं भरा ना भो, पण आधी प्राचार्य कोणत्या दिवशी कॉलेजात आहेत ते बघा, प्रपोजल नंतर लिहा. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. गंमत नव्हती. प्रपोजल रात्री जागून होतं, प्राचार्यांची सही रात्री जागून होत नाही.

आता ही ग्रँट म्हणजे काय, तर विद्यापीठ किंवा कॉलेज स्वतःच्या निधीतून शिक्षकांना संशोधनासाठी जी छोटी रक्कम देतं ती. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं विद्यापीठ म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तिथली व्हीसीआरएमएस, म्हणजे कुलगुरूंच्या नावाची संशोधन प्रोत्साहन योजना, बऱ्याच जणांना ऐकून माहिती असते. काही संस्था आपल्या कॉलेजापुरती सीड मनी म्हणून वेगळी देतात. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, नव्याने रुजू झालेल्यांसाठी डॉ. डी. एस. कोठारी यांच्या नावाची १० लाखांची ग्रँट २०२२ मध्ये जाहीर झाली, पण ती देशभराची स्पर्धा, तिचा विषय वेगळा. इथं आपण घरच्या छोट्या ग्रँटबद्दल बोलतोय. रक्कम किती ते त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं, तेच धरायचं, मागच्या वर्षी मित्राला किती मिळाले ते नाही.

पात्रतेत पहिला अडसर नेमणुकीचा. बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ, नियमित आणि विद्यापीठाची मान्यता मिळालेला शिक्षक लागतो, त्यामुळे सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे, बाहेर राहतात. हे मला पटत नाही, कारण आमच्याकडे निम्मे तास तेच घेतात, पण नियम तसा आहे तर अर्ज भरून हिरमोड करून घेण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. दुसरा अडसर 'नवीन' या शब्दाचा. कुठं रुजू झाल्यापासूनची वर्षं मोजतात, कुठं पीएचडी झाल्यापासूनची, कुठं वयाची अट टाकतात. पीएचडीची तारीख म्हणजे नोटिफिकेशनवरची, वायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, नाही आणि पदवीदान समारंभात फोटो काढला तीही नाही. कॉलेज यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) या कलमांखाली, म्हणजे मान्यता आणि अनुदानाच्या यादीत, आहे का हेही काही अर्जात विचारतात, ते कॉलेजच्या आयक्यूएसीवाल्यांना, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या लोकांना, पाठ असतं, त्यांच्याकडूनच प्रत घ्या.

कागदांचं म्हणाल तर नेमणूक आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यता पत्र, पीएचडी किंवा नेट-सेटचं प्रमाणपत्र, छापून आलेल्या पेपरांची पहिली पानं, प्राचार्यांचं शिफारसपत्र, जागा आणि सुविधा देऊ अशी कॉलेजची हमी, याच विषयावर दुसरीकडून पैसे घेतलेले नाहीत असं तुमचं घोषणापत्र, मोठी वस्तू घ्यायची असेल तर कोटेशन, आणि आधी एखादी ग्रँट घेतली असेल तर तिचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला, ज्याला सगळे युसी म्हणतात ते. यातलं मान्यता पत्र सगळ्यात जास्त वेळा सापडत नाही. ते ऑफिसात तुमच्या सर्व्हिस बुकाबरोबर पडलेलं असतं आणि ज्यांना माहितीये ते क्लार्क नेमके त्या आठवड्यात रजेवर असतात. आमचे एक बाबू प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "सर, बठ्ठं एकदाव लई या." म्हणजे सगळं एकदमच घेऊन या. खरं आहे त्यांचं. तीन सह्यांसाठी तीन चकरा मारल्या की चौथ्या वेळी कोणी वर बघत नाही. प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक आहे का बघा, आणि फाईल देताना आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या.

प्लेजरिझम रिपोर्टही काढून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं ते खरं तर प्रबंध आणि पेपरांसाठी, पण तपासणारे प्रपोजललाही तीच फूटपट्टी लावतात. स्वतःच्याच पीएचडीतली प्रस्तावना उचलली तरी लाल होतं.

आता बजेट, कारण खरी परीक्षा इथं असते. समजा मराठीच्या मॅडम साक्री तालुक्यातल्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या रेकॉर्ड करणार आहेत. १२ गावं, प्रत्येक गावाला दोन फेऱ्या, म्हणजे २४ फेऱ्या, सरासरी ४०० रुपये धरले तर ९,६०० झाले. रेकॉर्डर १२,०००. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला ४० तास, तासाला ३०० प्रमाणे १२,०००. पुस्तकं ५,०००, झेरॉक्स-स्टेशनरी ३,०००. बेरीज ४१,६००. आता परिपत्रकात मर्यादा ५०,००० ची असली तर मोह होतो की वरचे ८,४०० किरकोळ खर्च म्हणून टाकून द्यावेत. टाकू नका. मी माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये बरोब्बर मर्यादेएवढा आकडा लिहिला होता, तर प्रेझेंटेशनला समितीतल्या एका सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं की तुमच्या संशोधनाला नेमके तेवढेच पैसे कसे लागतात हो? मला उत्तर देता आलं नाही, आणि ग्रँटही मिळाली नाही. आणि मॅडम, एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, प्रवास एसटीचा दाखवला तर भाडं अर्ध्याने धरा, समितीत गणिताचे सर असतात. फर्निचर, स्वतःचं मानधन, परदेश प्रवास हे बहुतेक ठिकाणी चालत नाही, लॅपटॉपवर तर सगळ्यांचा डोळा असतो म्हणून तोच आधी कापतात.

विषय लहान ठेवा. "खानदेशातील केळी उत्पादकांच्या समस्या" हा विषय मी इतक्या वेळा पाहिलाय की शीर्षक वाचूनच पान उलटतं. त्यापेक्षा रावेर तालुक्यातल्या दोन गावांत केळीवरच्या कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगामुळं ज्यांनी बागा उपटल्या त्यांनी पुढं काय लावलं, एवढाच प्रश्न घेतला तर एका वर्षात उत्तर हाती येतं.

परवानग्यांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. यावल अभयारण्यात जाऊन काही मोजणार असाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली वन विभागाचा परवाना लागतो, आणि तो यायला ग्रँटपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. माणसांकडून आजाराची माहिती किंवा रक्ताचे नमुने घेणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी. ओव्या म्हणणाऱ्या आजीबाईंचीसुद्धा संमती घ्या, सही येत नसेल तर अंगठा, किंवा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून 'हो'.

एवढा खटाटोप पैशासाठी नसतो खरं तर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० लाखांखालचा पूर्ण झालेला प्रोजेक्ट म्हणजे बढतीच्या वेळी मोजल्या जाणाऱ्या संशोधन गुणांत ५ गुण, चालू असेल तर २. जोडीनं केला तर पीआय आणि को-पीआयला, म्हणजे मुख्य आणि सह-संशोधकाला, निम्मे निम्मे, म्हणून उगाच मैत्रीखातर तिसरं नाव घालू नका.

मंजुरी आली की पत्रावरची तारीख बघा. त्या तारखेआधीचं एकही बिल चालत नाही. पैसे बहुधा दोन हप्त्यांत येतात आणि पहिल्याचा हिशोब दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. बिल तुमच्या नावाचं नको, प्राचार्यांच्या पदनावाचं हवं, जीएसटी नंबरासह. मी पुस्तकांचं एक बिल स्वतःच्या नावानं घेऊन आलो होतो, ते १,८०० रुपये माझ्याच खिशातून गेले. आणि एसटीची तिकिटं! मशीनमधून निघतं ना ते थर्मल कागदाचं असतं, उन्हानं काळं पडतं. मे महिन्यात भुसावळकडं पारा ४५ च्या पुढं असताना मी सगळी तिकिटं गाडीच्या डिक्कीत ठेवली होती, काढून बघतो तर नुसत्या काळ्या पट्ट्या, गावाचं नाव नाही की आकडा नाही. तेव्हापासून तिकीट हातात आलं की मोबाइलवर फोटो, आणि त्याच दिवशी झेरॉक्स.

शेवटी सीएची सही शिक्का असलेला हिशोब, युसी आणि अहवाल. ३१ मार्चच्या आसपास सीएकडे जाऊ नका, फेब्रुवारीतच गाठा. घेतलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवून तो नंबर बिलाच्या मागं लिहून घ्या, नाहीतर युसी परत येते. वस्तू कॉलेजची, आपली नाही. माझा रेकॉर्डर आजही विभागाच्या कपाटात आहे, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला, आणि सध्या तो गॅदरिंगवाले नेतात.