पासवर्ड मागणारा डबा आणि महिन्यातला दुसरा मंगळवार
(आमच्याकडे देखभालीला असलेल्या ऑफिसांसाठी माहितीपत्रक)

धरमपेठेतलं सीए ऑफिस असो की इतवारीतलं दुकान, फोन एकच येतो: "भाऊ, तो डबा पुन्हा येऊन राहिला. पासवर्ड सांगून द्या ना एकदाचा." डबा म्हणजे काही नवीन टाकायला गेलं की कॉम्प्युटरवर अॅडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट. तो पासवर्ड आम्ही सांगत नाही, आणि समोरच्याला वाटतं की आम्ही भाव खातोय. म्हणून हे पत्रक.

तुमच्या स्टाफला आम्ही साधं खातं दिलंय. टॅली, एक्सेल, ईमेल, प्रिंट सगळं त्यात चालतं. अॅडमिनचे अधिकार, म्हणजे अख्ख्या मशीनसाठी प्रोग्राम टाकण्या-काढण्याचे, मात्र त्यात नाहीत. मग अपडेट कोण टाकणार? बहुतेक आपोआपच पडतात. विंडोज, क्रोम, एज यांच्या अपडेटसाठी पडद्यामागे सर्व्हिस चालू असते आणि तिला स्वतःचे पूर्ण अधिकार असतात. खुर्चीवर कोण बसलंय याच्याशी तिला घेणंदेणं नाही. मशीन चालू हवं, नेट हवं आणि मधूनमधून रीस्टार्ट हवा.

घोळ या रीस्टार्टपाशीच होतो. "मी तर रोज बंद करतो" असं सगळेच सांगतात. पण विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक मशीनवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं. शटडाउन केलं की विंडोजचा गाभा नुसता झोपतो आणि सकाळी तोच उठून बसतो. पूर्ण नव्याने सुरुवात रीस्टार्टनेच होते. तेव्हा पॉवरच्या बटणावर 'अपडेट अँड रीस्टार्ट' दिसलं की तेच दाबा. पडद्यावर टक्के फिरत असताना भिंतीवरचा स्विच बंद करून घरी जाऊ नका. मे महिन्यात लाइट जाण्याचा नेम नसतो आणि उन्हात यूपीएसची बॅटरीही दमलेली असते. उन्हाळ्याआधी ती एकदा तपासून घ्या.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणजे ते हाती येतात बुधवारी. बुधवारी आम्ही तुमच्याकडच्या एकाच मशीनवर ते टाकतो, शक्यतो बिलिंगच्या नव्हे. प्रिंटर, टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) नीट चाललं की बाकीच्या मशीनवर शनिवारी. शनिवार उगाच नाही निवडला. दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार नेहमी १२ ते १८ तारखेतच पडतो. जीएसटीच्या मासिक रिटर्नपैकी जीएसटीआर-१ ची ११ तारीख उलटलेली असते आणि ३बी ची २० यायची असते. यापेक्षा जास्त लांबवायला आमची तयारी नाही. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने १२ मे २०१७ ला जगभर मशीन अडवली, तेव्हा त्या फटीचं अपडेट १४ मार्चपासून उपलब्ध होतं.

पासवर्ड खरोखर लागतो तो टोकनच्या आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरला (ते मशीनशी जोडून देणारा प्रोग्राम), कधीकधी टॅलीच्या नव्या रिलीजला. ते आम्ही दुरून जोडून करतो. टॅलीबाबत एक विनंती: नवीन रिलीज फक्त एका मशीनवर टाकून बाकीची जुनी ठेवू नका. काही रिलीजमध्ये डेटा नव्या रूपात बदलतो, मग शेजारच्या टेबलावरच्या जुन्या टॅलीत तो उघडत नाही. आधी बॅकअप, मग सगळी मशीन एकाच बैठकीत.

डबा आला की स्क्रीन काळवंडते आणि मधोमध पासवर्डची चौकट उभी राहते. तिच्यात पब्लिशरचं नाव असतं, ते वाचा. प्रिंट स्क्रीनने तिचा फोटो येत नाही, मोबाइलने काढून आम्हाला व्हॉट्सअॅप करा आणि 'नो' दाबा. पब्लिशर 'अननोन' असेल तर विचारूही नका, सरळ 'नो'.

एका ग्राहकाच्या अकाउंटंटला ब्राउझरमध्ये पान दिसलं: तुमचं क्रोम जुनं झालंय, इथे दाबा. त्यांनी दाबलं, फाइल उतरली, डबा आला, आणि पासवर्ड नसल्याने गाडी तिथेच थांबली. क्रोमचं खरं अपडेट असं वेबपेजवर येत नाही, वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांपाशी त्याची खूण दिसते. प्रत्येक वेळी असं निभावेलच असं नाही, कारण काही प्रोग्राम पासवर्ड न मागताही त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतात.

मालकांनाही रोजच्या कामासाठी साधंच खातं. (आमचा अनुभव: सर्वांत जास्त कचरा मालकांच्याच लॅपटॉपवर निघतो.) पण अॅडमिनचा पासवर्ड तुमचाच आहे. प्रत्येक मशीनचा वेगळा, बंद पाकिटात, तुमच्या तिजोरीत. अडीनडीला खुशाल फोडा, फक्त फोडल्याचं कळवा, म्हणजे त्या मशीनचा बदलून नवीन पाकीट आणून देऊ.