पुण्यात लॉला प्रवेश मिळाला, आता कागदपत्रं : दाखले, शिष्यवृत्ती, हजेरी आणि इंटर्नशिप

सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत नावं लागू लागली की दरवर्षी गावाकडून फोन सुरू होतात. “दादा, पुण्यात लॉला नंबर लागला. आता काय काय लागेल?” मी स्वतः बार्शीहून इथं लॉ शिकायला आलो, आता शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करतो. ह्या प्रश्नाचं उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी आपलं कॉलेज कोणत्या प्रकारात मोडतं ते बघा. १९२४ साली सुरू झालेलं आयएलएस, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं नवलमल फिरोदिया, मराठवाडा मित्र मंडळाचं शंकरराव चव्हाण ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं. इथं राज्याच्या लॉ सीईटीतून कॅपने प्रवेश होतो. सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं. त्यांचे नियम, फी, परीक्षा सगळं त्यांचं स्वतःचं. हा फरक पुढे फीमाफीच्या वेळी हजारो रुपयांचा ठरतो.

गाव सोडायच्या आधी

उत्पन्नाचा दाखला तुमच्याच तालुक्याच्या तहसीलमधून निघतो. पुण्यात खोली घेतली म्हणून इथून मिळत नाही. तेव्हा मे-जूनमध्ये गावी असतानाच सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाका. सोबत डोमिसाईल, म्हणजे वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी असाल तर नॉन-क्रीमिलेअर, आणि त्यावरची मुदत चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना ते स्वतः वाचून बघा. खुल्या प्रवर्गातून ईडब्ल्यूएसची जागा घेतली असेल तर राज्याच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या नमुन्यातलं घेऊन येणारे दरवर्षी दोन-चार भेटतातच.

जात वैधता, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ती सगळ्यात वेळखाऊ. बारावीत असतानाच अर्ज केलेला असेल तर उत्तम. नसेल तर आजच करा आणि अर्जाची पावती जपून ठेवा. अर्ज आपल्या मूळ जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो, पुण्याच्या नव्हे.

ह्या दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्र करायचं असेल तर पाचशेचा स्टँप पेपर घेऊ नका. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा स्टँप बंद होऊन किमान शुल्क पाचशे झालं, तेव्हा मुलांकडून सर्रास ते पैसे घेतले गेले. महसूल खात्याला मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की विद्यार्थ्यांना हे लागू नाही. पाचशे रुपये म्हणजे मेसचे पाच-सहा दिवस. मागणाऱ्याला सरळ सांगा, शुल्क माफ आहे.

आणि नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच आधारवर, बँकेत आणि दाखल्यांवर हवं. माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’ होतं आणि आधारवर ‘दत्तात्रेय’. एका मात्रेसाठी माझा पहिल्या वर्षीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली आणि वडिलांनी ती फी सोयाबीन विकून भरली. तेव्हापासून मी कुणालाही पहिलं हेच विचारतो: तुझे चार कागद शेजारी शेजारी ठेवून नाव वाचलंस का?

प्रवेशाच्या खिडकीवर

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका (तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीच्याही), शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, सीईटीचं स्कोअर कार्ड, आधार, फोटो. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बाहेरच्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचा दाखला. गुणांची अट बार कौन्सिलची (वकिलीचे आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणारी संस्था) आहे: खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. पाच वर्षांच्या कोर्सला ती बारावीवर मोजतात, तीन वर्षांच्या कोर्सला पदवीवर.

सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन कॉलेज मूळ स्वरूपात जमा करून घेतं, म्हणून द्यायच्या आधी त्यांच्या चार-पाच झेरॉक्स आणि स्वच्छ स्कॅन करून ठेवा. गुणपत्रिका मात्र दाखवायच्या, पडताळून झाल्या की लगेच परत घ्यायच्या. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ च्या सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं, ऑनलाइन, आणि दरवर्षी नव्यानं. ते उपचार म्हणून भरू नका. होस्टेलवर काही घडलं तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

नोकरी करत तीन वर्षांचं एलएलबी करणारे पुण्यात खूप आहेत. बँकेत, महापालिकेत, हिंजवडीला. त्यांना कॉलेज नोकरीबद्दल घोषणापत्र आणि मालकाचं ना-हरकत पत्र मागतं. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात नोकरीची, दुसऱ्या पदवीची आणि दाखल गुन्ह्याची माहिती द्यायला सांगितली आहे. लपवू नका. आज लपवलेली गोष्ट सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) वेळी बाहेर येते, आणि तेव्हा ती गोष्टीपेक्षा लपवण्यामुळे जास्त नडते. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली हे खरं, पण लॉला बार कौन्सिलचा नियम ६ लागू आहे: दोन नियमित पदव्या एकदम चालत नाहीत. दूरशिक्षणाचा कोर्स किंवा भाषेचं, संगणकाचं छोटं प्रमाणपत्र चालतं.

प्रवेश झाला की विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रता) आणि पीआरएन (कायम नोंदणी) नंबर. हे कॉलेजच करतं, पण तुम्ही दिवाळीच्या आत विचारून घ्या. पीआरएनवाचून परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही.

बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, मागताना अर्जात कारण लिहा आणि दोन-तीन प्रती एकदम घ्या. शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, पासपोर्ट, पीएमपीचा पास, सगळीकडे लागतं. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक आणि तारीख खिडकीवरच बघून घ्या. जावक क्रमांक नसलेला बोनाफाईड बँक परत करते. मेट्रोत विद्यार्थ्यांना तिकिटावर ३० टक्के सवलत आहे. डेक्कन, गरवारे, नळ स्टॉप ह्या भागातल्या कॉलेजांना वनाझ-रामवाडी मार्ग सोयीचा पडतो, तेव्हा विद्यार्थी पास काढून टाका.

महाडीबीटी

हे शिष्यवृत्ती आणि फीमाफीचं राज्य सरकारचं पोर्टल. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रश्नांतले सहा ह्याचे असतात.

आधी कुणाला काय मिळतं. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. लोक हिलाच ईबीसी म्हणतात. शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग सरकार भरतं, एका घरातल्या दोनच मुलांना. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, उत्पन्न मर्यादा तीच आठ लाख. एससी विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी.

दोन अटी नीट वाचा. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून, मॅनेजमेंटमधून घेतलेल्या जागेला मुलींची फीमाफी नाही. आणि खासगी अभिमत व खासगी विद्यापीठं ह्या निर्णयातून वगळली आहेत. एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, “मुलींना फी माफ आहे ना, मग कुठंही घेतलं तरी चालेल?” नाही चालत. ऑप्शन फॉर्म (कॅपमधला कॉलेजांचा पसंतीक्रम) भरतानाच हे माहीत असायला हवं. शिवाय जिमखाना, लायब्ररी डिपॉझिट, होस्टेल हे माफीत येत नाही, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

आता अर्ज. आधार ओटीपीने प्रोफाइल, मग कोर्स, मग कॅप आयडी, मग योजना. लागणारे कागद: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता (लागू असेल तर), रेशन कार्ड, मागची गुणपत्रिका, सोडल्याचा दाखला, अलॉटमेंट लेटर, फीची पावती, होस्टेलवर असाल तर तिथलं पत्र. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. सबमिट केला म्हणजे काम संपलं असं समजू नका. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर कारण वाचून त्याच दिवशी दुरुस्त करा. आणि हा अर्ज दरवर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहील असं समजून बसलेले फार आहेत.

पैसे कुठे येतात हेही समजून घ्या. आधारशी शेवटचं जोडलेलं खातं असतं, त्यात. गावच्या बँकेतलं खातं जोडलेलं असताना मोबाइलवरून नवं खातं उघडलं की कित्येकदा जोडणी तिकडे सरकते आणि मुलगा जुन्या पासबुकात एंट्री मारत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते.

राहण्याचा खर्च

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी स्वाधार योजना सोडू नये. पुण्यासाठी वर्षाला भोजन ३२ हजार, निवास २० हजार, निर्वाह ८ हजार, मिळून ६० हजार. उत्पन्न मर्यादा अडीच लाख. भाडेकरार आणि स्थानिक रहिवासी नसल्याचा पुरावा लागतो. चौकशीसाठी विश्रांतवाडीचं सामाजिक न्याय भवन. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो महाडीबीटीवरच.

हजेरी

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतला नियम १२: प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. सगळ्या विषयांची मिळून नाही, प्रत्येक विषयात. मूट कोर्ट (सरावाचा खटला), ट्युटोरियल आणि प्रॅक्टिकललाही तीच अट.

सवलत आहे, पण अरुंद. अपवादात्मक कारण असेल तर प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात, मात्र त्या विषयात निदान ६५ टक्के आणि सगळे विषय मिळून ७० टक्के भरायला हवेत. आकडा मांडून बघा. एका विषयाचे साठ तास झाले तर बेचाळीस बसायचे, सवलतीत एकोणचाळीस. पाच विषयांचे मिळून तीनशे, त्यात दोनशे दहा. एका विषयात एकोणचाळीसच भरले तर उरलेल्या चार विषयांत दोनशे चाळीसपैकी एकशे एकाहत्तर तास हवेत. म्हणजे सवलतीतही फक्त तीन तासांची सूट, तीही बाकीचे विषय सांभाळले तर. शिवाय ज्यांना सवलत दिली त्यांची यादी कारणांसह बार कौन्सिलला पाठवावी लागते, म्हणून प्राचार्य सहसा हात आखडता घेतात. मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी भरते ही समजूत चुकीची आहे. ते फक्त अपवादात्मक कारणाचा पुरावा आहे.

हजेरीअभावी परीक्षेला बसण्यापासून रोखण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला. ज्या मुलाच्या मृत्यूतून तो खटला उभा राहिला ते आठवलं की वाईट वाटतं. पण त्या निकालावर विसंबून पुण्यात तास बुडवू नका. आजारपण असेल, घरी अडचण असेल तर महिना संपायची वाट न बघता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘मिळाला’ लिहून तारीख, सही असलेली ती झेरॉक्स सेमिस्टरच्या शेवटी कामाला येते. तोंडी सांगितलेलं कुणाच्याही लक्षात राहत नाही.

इंटर्नशिप डायरी

तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला २०. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून शेवटच्या वर्षी सगळं उरकू म्हणणाऱ्यांची अडचण होते. निदान एकदा तरी वकिलाकडे, खालच्या आणि अपिलाच्या कोर्टातलं काम बघणं सक्तीचं आहे.

कॉलेजचं पत्र घेऊन वकिलांकडे जा, पण सकाळी साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात नव्हे. तेव्हा प्रत्येकाचा पुकारा व्हायचा असतो. संध्याकाळी ऑफिसला जा. पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय, काळे बूट. मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्टेशन कोर्टाला लागूनच आहे. कुणी ओळखीचं नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तिथं काम करताना कळतं की विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली कुठल्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तरी कितीजणींना ते माहीतच नसतं.

डायरी रोजच्या रोज लिहा. कोर्ट क्रमांक, केसचा प्रकार, त्या दिवशीचा टप्पा, तुम्ही काय बघितलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो, “तारीख पडली” एवढंच लिहू नका, का पडली ते लिहा. वकिलांची सही दर आठवड्याला घ्या. महिन्याच्या शेवटी चार पानं एकदम पुढे केली की सही करणाऱ्यालाही संकोच वाटतो.

अडलं तर

प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, नाही पटलं तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लैंगिक छळाची तक्रार वेगळ्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत; कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. दोन्ही समित्यांच्या सदस्यांची नावं कॉलेजच्या फलकावर असतात. आजच एक फोटो काढून ठेवा.

पास झाल्यावर सनदेचा अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. वकील कायद्यात नोंदणी शुल्क ७५० रुपये आहे, एससी-एसटींना १२५, आणि त्याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितलं. त्या अर्जाला पुन्हा दहावीची मार्कलिस्ट जोडावी लागते, आणि सनदेवर नाव तिथलंच येतं.